आकडा उतरला, चट्टा उरला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग. वक्ते निवृत्त कुष्ठतंत्रज्ञ असून ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात त्यांनी काम केले आहे.)



तुम्ही स्वतःची पाठ शेवटची कधी पाहिली होती? प्रश्न चमत्कारिक वाटेल, पण माझ्या नोकरीची तीस वर्षं असेच प्रश्न विचारण्यात गेली. मी कुष्ठतंत्रज्ञ होतो. १९८४ साली कामाला लागलो, २०१४ साली निवृत्त झालो. ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली आणि मधली गावं हा माझा मुलूख. चाळीत शिरायचं, दारात उभं राहायचं आणि विचारायचं, "घरात कुणाच्या अंगावर चट्टा आहे का? फिकट, लालसर, बधिर?" चाळीतली पोरं आम्हाला 'चट्टेवाले' म्हणत. आम्हालाही त्या नावाची सवय झाली होती.

३० जानेवारी हा गांधीजींचा स्मृतिदिन आपल्याकडे कुष्ठरोगविरोधी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी प्रतिज्ञा होतात, फलक लागतात. मग वर्षभर या रोगाचं नाव कुणी काढत नाही. मध्यंतरी लोकलमध्ये शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "अहो, तो रोग अजून आहे?" चांगले शिकलेले होते. मी म्हटलं, आहे. २०२३ साली जगात सुमारे १ लाख ८२ हजार नवे रुग्ण सापडले आणि त्यांतले १ लाखाहून अधिक एकट्या भारतातले होते. गृहस्थ म्हणाले, "मग आपल्याकडून तो गेला असं कुणी सांगितलं होतं?" त्या प्रश्नाचं उत्तर ठाकुर्ली ते ठाणे एवढ्या अंतरात देता येईना. म्हणून आज इथे देतो आहे.

आधी रोगाबद्दल थोडं. कुष्ठरोगाचा चट्टा खाजत नाही, दुखत नाही, त्याची आग होत नाही. माणूस डॉक्टरकडे जातो तो काहीतरी दुखतं म्हणून. इथे जंतू संवेदना नेणाऱ्या नसांवरच बसतो, त्यामुळे तक्रारच उभी राहत नाही. आमची तपासणी साधी असे. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, कापसाच्या वातीनं किंवा बॉलपेनच्या टोकानं हलकेच स्पर्श करायचा आणि म्हणायचं, "कुठे लागलं, बोट ठेवून दाखवा." निरोगी कातडीवर बोट बरोबर पडतं. चट्ट्यावर मात्र माणूस गप्प बसून राहतो. शाळेतल्या पोरांना हा खेळ वाटे. खिदळत डोळे मिटायची. एखादा पोरगा मध्येच खिदळायचा थांबायचा आणि विचारायचा, "काका, लावलं का?" तेव्हा माझ्या पोटात धस्स व्हायचं, कारण मी केव्हाच लावलेलं असायचं.

मग कोपराची नस चाचपायची. कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच ही नस. ती दोरीसारखी जाड लागली की समजायचं. हे सगळं दिवसाच्या उजेडात करावं लागतं, कारण फिकट चट्टा दिव्याच्या उजेडात फसवतो. आणि डोंबिवलीचा पुरुष दिवसाउजेडी घरी सापडतो कुठे? सकाळची गाडी पकडून तो मुंबईला गेलेला. म्हणून आमचे रविवार कामात जात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. पांढरं कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. कोडाच्या डागावर टाचणी टोचली तर ती टोचते. कोड लागत नाही, पसरवत नाही. कोड असलेल्या कितीतरी मुलींची लग्नं केवळ या घोटाळ्यामुळे अडली आहेत.

आता थोडा इतिहास. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू शोधला. रोग शापानं होत नाही, पापानं होत नाही, जंतूनं होतो, हे तेव्हाच सिद्ध झालं. आपल्याकडे १८९० साली मुंबईचे पालिका आयुक्त ॲकवर्थ यांनी माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान काढलं. पोवाडे गोळा करून शाळिग्रामांसोबत १८९१ साली छापणारे ॲकवर्थसाहेब ते हेच. वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय आजही त्यांचं नाव सांगतं. पण त्या काळी उपचार म्हणजे कडू कवठीचं तेल, आणि त्याचा गुण बेताचाच. १८९८ साली सरकारनं कायदा केला, त्यानं रस्त्यावरच्या निर्धन कुष्ठरुग्णाला पकडून डांबता येत असे. औषध नव्हतं, म्हणून भिंत बांधली.

जंतू सापडूनही औषध लांबलं त्याचं एक कारण त्या जंतूच्या स्वभावात आहे. हा जंतू काचेच्या बशीत वाढत नाही. क्षयाचा वाढतो, पटकीचा वाढतो, याचा आजवर कुणाला वाढवता आलेला नाही. १९६० साली अमेरिकेतल्या शेपर्ड यांनी तो उंदराच्या पावलात वाढवून दाखवला. तिथेही त्याची चाल गोगलगायीची. एकाचे दोन व्हायला याला बारा-चौदा दिवस लागतात. एखादं औषध चालतं की नाही हे बघायला संशोधकाला महिने न् महिने थांबावं लागे. माणसातही तसंच. संसर्ग झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. ही वर्षं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.

दुसरं कारण माणसांच्या स्वभावात आहे. हा रोग गरिबांचा. त्यावरच्या औषधाला गिऱ्हाईक नाही. आज जी तीन औषधं मिळून हा रोग बरा करतात, त्यांतलं एकही मुळात कुष्ठरोगासाठी शोधलेलं नव्हतं. डॅप्सोन १९०८ साली जर्मनीत तयार झालं, जंतूंवर ते चालतं हे पुढे तीस वर्षांनी कळलं. रिफाम्पिसिन क्षयासाठी आलं. क्लोफॅझिमिनही आयर्लंडमध्ये क्षयावर औषध शोधताना हाती लागलं. श्रीमंतांच्या घरचं उरलंसुरलं घेऊन इथल्या डॉक्टरांनी या रोगावर इलाज बसवला, असं म्हटलं तर चुकीचं होणार नाही.

त्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९५१ साली वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभं राहिलं. तिथल्या डॉ. वारदेकरांनी एक साधी गोष्ट मांडली. रुग्ण आपल्याकडे येण्याची वाट बघू नका, तुम्ही गावात जा. घरोघर पाहणी, लोकांना माहिती आणि जागेवर उपचार. पुढे ही पद्धत सरकारनं देशभर नेली. मी नोकरीला लागलो ती याच पद्धतीतली एक खुर्ची. खुर्ची म्हणायची आपली, बसायला ती क्वचितच मिळाली.

डॅप्सोनच्या गोळ्या १९४०च्या दशकाअखेर भारतात आल्या. स्वस्त गोळी, पण ती वर्षानुवर्षं घ्यायची, काहींनी तर जन्मभर. चट्टा गेला की माणूस गोळी सोडतो, ते स्वाभाविकच. १९६४ साली मलेशियात सिद्ध झालं की, जंतू डॅप्सोनला पुरून उरायला शिकला आहे. सत्तरच्या दशकात जगभरातून तशाच बातम्या आल्या. तेव्हा १९८१ साली जिनिव्हाला तज्ज्ञांची बैठक भरली आणि ठरलं की, यापुढे एका औषधावर भागवायचं नाही, दोन किंवा तीन औषधं एकदम द्यायची. हीच बहुविध औषधोपचार पद्धती. भारतात ती ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाली, त्यांत वर्धा होता. आणि शहरातल्या झोपडपट्टीत हा रोग कसा शोधायचा, उपचार कसे पोहोचवायचे, याचा अभ्यास १९७६पासून डॉ. गणपती यांच्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टनं केला. धारावीसारख्या वस्तीत हे काम झालं. रोग खेड्यापाड्यांतला, शहरात तो नाही, या समजुतीला तिथे धक्का बसला.

मी लागलो तेव्हा ही पाकिटं नवीच होती. महिन्याचा मोठा डोस आमच्यासमोर घ्यायचा, बाकीच्या गोळ्या घरी. रिफाम्पिसिननं लघवी लाल होते. आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून पुन्हा यायचाच नाही. क्लोफॅझिमिननं कातडी काळवंडते. एका तरुण मुलीनं माझ्यासमोर पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "चट्टा कुणाला दिसत नव्हता, हा रंग सगळ्यांना दिसतो." तिला समजावायला मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. रंग औषध संपल्यावर हळूहळू जातो, नस गेली की परत येत नाही. शेवटी तिनं कोर्स पुरा केला.

औषधाचा गुण मात्र विलक्षण. रिफाम्पिसिनच्या पहिल्याच डोसानं अंगातले बहुतेक सगळे जिवंत जंतू मरतात. उपचार सुरू झालेल्या माणसापासून कुणाला धोका उरत नाही. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने, त्याहून जास्त असतील किंवा जंतू सापडले तर पुढे बारा महिने. मग माणूस बरा. अक्षरशः बरा.

मग पत्रीपुलाजवळची माणसं कोण, असं तुम्ही विचाराल. कल्याणला राहणाऱ्यांना ती हनुमाननगरची वसाहत ठाऊक असेल. जुना पत्रीपूल २०१८ साली पाडला, नवा झाला, वसाहत तिथेच आहे. औषध येण्याआधी किंवा उशिरा आल्यामुळे ज्यांची बोटं वाकली, पायाला बधिरपणा आला, ती ही माणसं आणि त्यांची मुलंबाळं. त्यांच्या अंगात जंतू नाही. जखमा होतात त्या रोगानं नव्हे. पायात खिळा घुसला तरी कळत नाही, म्हणून होतात. त्यांना मऊ रबराची चप्पल, रोज पाण्यात पाय बुडवून तेल लावणं आणि रात्री झोपताना पाय निरखणं, एवढं पुरतं. डोंबिवलीचे, नौदलातून निवृत्त झालेले गजानन माने यांनी या वस्तीसाठी दीर्घकाळ काम केलं. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा जुन्या चट्टेवाल्यांना घरचंच कार्य असल्यासारखं वाटलं.

आता येतो त्या आकड्याकडे.

१९८३ साली देशात दर दहा हजार लोकांमागे ५७.८ कुष्ठरुग्ण होते. १९९१ साली जागतिक आरोग्य परिषदेनं ठराव केला की, २००० सालापर्यंत हे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आणायचं. त्याला नाव दिलं 'दूरीकरण'. निर्मूलन नव्हे, दूरीकरण. भारतानं ते डिसेंबर २००५मध्ये गाठलं. कौतुकाचीच गोष्ट होती. लाखो माणसं बरी झाली होती, त्यांतली काही हजार पाकिटं आमच्या हातून गेली होती. मीही त्या दिवशी पेढे खाल्ले.

पण हा आकडा काय मोजतो ते बघा. तो मोजतो, आज या घडीला किती माणसं उपचारावर आहेत. डोंबिवली स्टेशनचं उदाहरण घेऊ. सकाळी फलाटावर किती माणसं उभी आहेत, ते दोन गोष्टींवर ठरतं. मिनिटाला किती माणसं जिना उतरतात आणि गाडी किती वेळानं येते. समजा, गाडी चोवीस मिनिटांनी येत होती, ती बारा मिनिटांनी येऊ लागली. फलाटावरची गर्दी निम्मी होईल. पण जिना उतरणारी माणसं तितकीच आहेत. कुष्ठरोगात अगदी हेच झालं. जास्त चट्ट्यांच्या रुग्णाचा उपचार आधी चोवीस महिने चाले. १९९८च्या सुमारास तो बारा महिन्यांवर आला. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरच होतं, रुग्णाच्याही सोयीचं होतं. पण त्यामुळे नोंदवहीतले रुग्ण कमी झाले आणि त्याचा अर्थ रोग तितकाच कमी झाला, असा लावला गेला.

मग जिना उतरणाऱ्यांचं काय? २००१-०२ साली देशात ६ लाखांहून अधिक नवे रुग्ण सापडले होते. २००५-०६ साली सुमारे १ लाख ६१ हजार. चार वर्षांत इतकी घट! मघाशी मी तुम्हाला पाच वर्षं आणि वीस वर्षं ध्यानात ठेवायला सांगितली होती. ज्या रोगाला अंगातून वर यायलाच सरासरी पाच वर्षं लागतात, तो चार वर्षांत पाऊण भागानं कसा ओसरेल? रोग इतक्या वेगानं पळू शकत नाही. पळालं होतं ते शोधणं. काही पूर्वीच्या जादा नोंदी गळल्या, हेही खरं. पण त्याच सुमारास घरोघरची पाहणी थांबली, आमचं काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलं गेलं. माझे सहकारी हिवतापाकडे गेले, पल्स पोलिओकडे गेले, कुणी कारकुनीत गेले. आणि त्यानंतरची दहा वर्षं नव्या रुग्णांचा आकडा सव्वा लाख ते एक लाख पस्तीस हजारांच्या आसपास जागच्या जागी उभा राहिला.

हे सगळं मी कागदावरून शिकलो असं समजू नका. मला ते एका बाईंनी शिकवलं, आणि त्यात चूक माझी होती.

२००३ साली घरोघर रुग्ण शोधण्याची मोहीम होती. डोंबिवली पश्चिमेच्या एका चाळीत मी एका दारात उभा राहिलो. आत घरातल्या वहिनी पोळ्या लाटत होत्या. पोळी-भाजी केंद्राला रोज शंभराच्या वर पोळ्या देत असत. मी बाहेरूनच विचारलं, "वहिनी, अंगावर चट्टाबिट्टा काही?" त्या पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या, "नाही हो भाऊ." पुरुष माणूस बाईला आणखी काय विचारणार? माझ्याबरोबर बाई कर्मचारी नव्हती. संध्याकाळपर्यंत तीस घरं पुरी करायची होती. मी नोंदवहीत त्यांच्या नावापुढे 'तपासले' अशी खूण केली आणि पुढच्या दारात गेलो.

पाच वर्षांनी, २००८ साली, त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलं. तव्याला हात लागून भाजलेलं, ते दुसऱ्या दिवशी फोड दिसल्यावर कळलं होतं. चट्टा मांडीच्या मागच्या बाजूला, तळहाताएवढा, आणि दुसरे दोन पाठीवर. मधल्या काळात त्या दोन दवाखान्यांत जाऊन आल्या होत्या. दोन्हीकडे गजकर्णाचं मलम मिळालं. तिथल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांनाही हा रोग गेला असंच वाटत होतं. मी जुनी नोंदवही काढली. माझ्याच अक्षरात ती खूण होती.

नसेचं दुखणं सहा महिन्यांच्या आत हाती लागलं तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी बऱ्याचदा ताकद परत येते. त्यांच्या हाताला तो काळ उलटून गेला होता. जंतू बारा महिन्यांत गेले. बोटं व्यायामानं थोडी सैल झाली, सरळ झाली नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "भाऊ, माझ्या हातच्या पोळ्या लोक खातील का?" मी सांगितलं, हा रोग अन्नातून पसरत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडावाटे, फार दिवसांच्या सहवासानं पसरतो, आणि शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांना तर निसर्गानंच त्याच्याशी लढायची ताकद दिलेली असते. गोळी सुरू झाली, आता तुमच्यापासून कुणाला काही नाही. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे तुम्हाला माहीत. चाळीला कोण सांगणार?" त्यांनी पोळ्या देणं सोडलं. बोटांमुळे नव्हे. कुणी विचारलं तर काय सांगायचं, या धास्तीनं.

श्रोतेहो, त्या खुणेनं सरकारी आकडा एकानं कमी ठेवला. अशा खुणा करणारा मी एकटाच असेन, असं मला वाटत नाही.

पुढे सरकारच्याही हे ध्यानात आलं. २०१६ साली पुन्हा घरोघर शोध सुरू झाला. यात एक सुधारणा होती. प्रत्येक जोडीत एक आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक. बाईनं बाईला बघायचं, पुरुषानं पुरुषाला. २००३ साली माझ्याबरोबर एवढीच एक आशाताई हवी होती. त्या वर्षी वीस राज्यांतल्या १६३ जिल्ह्यांत शोध झाला आणि ३४ हजारांच्या आसपास नवे रुग्ण निघाले. ते आकाशातून पडलेले नव्हते. आपण बघत नव्हतो तेव्हाही ते तिथेच होते.

याचा उलटा पुरावा करोनानं दिला. २०१९ साली भारतात १ लाख १४ हजार नवे कुष्ठरुग्ण नोंदले गेले. २०२० साली सुमारे ६५ हजार. टाळेबंदीनं कुष्ठरोग बरा होत नाही. दारं बंद होती, तपासणारे दुसऱ्या कामाला होते. दारं उघडली आणि आकडा पुन्हा लाखावर गेला.

संशोधनही थांबलेलं नाही. बांगलादेशात मोठा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफाम्पिसिनचा फक्त एक डोस दिला, तर पहिल्या दोन वर्षांत त्यांच्यातले नवे रुग्ण सुमारे ५७ टक्क्यांनी कमी झाले. मग हे प्रत्यक्ष कामात जमतं का, ते अनेक देशांत करून पाहिलं. भारतात त्यासाठी निवडलं गेलं दादरा आणि नगरहवेली, म्हणजे आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याच्या, आताच्या पालघरच्या वेशीवरचा मुलूख. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं हा डोस द्यावा अशी शिफारस केली, आणि आपल्या कार्यक्रमातही तो आला.

पण इथे पुन्हा ती चाळ आडवी येते. शेजाऱ्यांना गोळी द्यायची तर ती का, हे सांगावं लागतं. ते सांगितलं की कुणाच्या घरी रुग्ण आहे, हे सांगितल्यासारखंच. म्हणून रुग्णाची संमती घ्यायची, ती नसेल तर बाहेर गोळी नाही. प्रयोगशाळेत यशस्वी झालेलं औषध चाळीच्या गॅलरीत येऊन थांबतं. त्या गॅलरीतून ते पुढे न्यायचं काम कोणताही शास्त्रज्ञ करू शकत नाही. ते गॅलरीत राहणाऱ्यांनीच करायचं आहे.

कायद्यानं आपलं काम उशिरा का होईना केलं. १८९८चा तो डांबून ठेवणारा कायदा २०१६ साली रद्द झाला. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे, हे घटस्फोटाचं कारण होऊ शकत होतं, तेही २०१९ साली काढून टाकलं. पूर्ण बऱ्या होणाऱ्या आजारासाठी घटस्फोट! आपण इतकी वर्षं तो चालवून घेतला.

देशानं आता २०२७पर्यंत या रोगाचा प्रसार थांबवायचं ठरवलं आहे. हे ध्येय चांगलं आहे. मला काळजी वाटते ती एवढीच की, आकडा खाली यावा म्हणून पुन्हा कुणी माझ्यासारखी खूण करू नये. ज्या तालुक्यात एकही रुग्ण नाही असं कळेल, तिथे मी पहिल्यांदा विचारीन, "बघितलं कुणी?" रुग्ण जास्त सापडले म्हणून एखाद्या केंद्राला जाब विचारला जाऊ नये. उशिरा सापडला, बोटं वाकल्यावर सापडला, तर मात्र जरूर विचारावा.

आणि तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. आज रविवार आहे. अंघोळीनंतर खिडकीच्या उजेडात स्वतःचं अंग बघा. पाठ दिसत नाही, ती घरातल्या माणसाला बघायला सांगा. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर पेनचं टोक लावून पाहा. कळलं नाही, किंवा हातापायाला मुंग्या येत असतील, चप्पल पायातून नकळत निसटत असेल, तर जवळच्या पालिकेच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात जा. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत. बहुतेकांना काही निघणार नाही. ज्यांना निघेल त्यांचा हात वाचेल.

त्या वहिनींकडे मी निवृत्त झाल्यावर एकदा गेलो होतो. चाळ पाडून तिथे इमारत झाली होती. त्यांनी दार उघडलं, ओळखलं, आत बोलावलं. मी चहा नको म्हणत असताना त्यांनी पीठ मळायला घेतलं, डाव्या हातानं. "भाऊ, जेवल्याशिवाय जायचं नाही," म्हणाल्या. मी तीन पोळ्या खाल्ल्या. निघताना त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत. मीच नाही म्हटलं." माझी चूक त्यांनी स्वतःकडे घेतली होती. मला ती तिथे ठेवून येता आली नाही, म्हणून आज तुमच्यापुढे सांगितली.